बिनशिट्टी

हे मी आजवर कुणापुढे उघड केलेलं नाही. बायकोला माझ्या बाकी सगळ्या खोड्या ठाऊक आहेत, पण ही नाही. एकदा घरच्यांनी मला त्र्यंबकेश्वरला कसल्याशा शांतीला बसवलं होतं. गुरुजी म्हणाले, हातात पाणी घ्या, कळत-नकळत जे घडलं असेल ते मनात आणा. मी काय आणलं मनात? गाडी बाहेर नीट लावली आहे ना, ते. इतका मी तयारीचा माणूस आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि आता हे एकट्याने धरून ठेवणं माझ्याच्याने होत नाही — खरंच होत नाही.

आणि गोष्ट आहे एका व्हिडिओ गेमची. हसू नका. किंवा हसा — मीही बरीच वर्षं ती हसण्यावारीच नेली.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. नाशिकला गंगापूर रोडवर एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात मनोजभाऊंचं सायबर कॅफे होतं. ई-मेल करायला येणारे दारापाशी बसायचे, आम्ही आत, पंख्याखाली. आम्ही म्हणजे डिप्लोमाची पाच-सहा टाळकी. आम्हाला एकाच खेळाने झपाटलं होतं. त्याचं इंग्रजी नाव कुणी घेत नसे, आम्ही त्याला ‘सावली’ म्हणायचो. त्यात तुम्ही हेर असता. अंधारातून, भिंतीच्या कडेकडेने जायचं, पहारेकऱ्यांना न दिसता कागद पळवायचे आणि तसंच परत यायचं. तुम्ही दिसलात की पहारेकरी शिट्टी फुंकायचा. एकही शिट्टी न होता आणि कुणालाही हात न लावता टप्पा पार झाला, की आमच्या भाषेत ती ‘बिनशिट्टी’. त्यापुढे परीक्षेतला पहिला वर्गही फिका.

बिनशिट्टीला मात्र साक्षीदार लागायचा. त्याचं कारण असं, की मनोजभाऊंनी व्हायरसच्या धास्तीने एक सोय करून घेतली होती — मशीन बंद करून चालू केलं की आधीचं सगळं साफ. म्हणजे पुरावा उरायचाच नाही. म्हणून नियम केला होता. एकाने शेजारी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचं, आणि त्याने ‘झालं’ म्हटलं की झालं. आम्ही जगातल्या कुठल्याही गोष्टीवर वाद घालायचो, पण साक्षीदाराच्या शब्दावर कुणी कधी घातला नाही.

मग खेळाचा दुसरा भाग आला आणि आमच्यात उभी फूट पडली.

मी पहिल्या भागाचा. मला सगळे ‘वकील’ म्हणायचे, कारण मी बोलायला लागलो की चहा गार व्हायचा. माझं म्हणणं होतं की दुसऱ्या भागाने खेळाचा आत्माच मारला. पहिल्या भागात तुमच्याकडे काहीच नव्हतं. कान होते, अंधार होता. फरशीवर पाय पडला तर वेगळा आवाज, लाकडावर पडला तर वेगळा, आणि त्या आवाजाने घाम फुटायचा. दुसऱ्या भागात काय दिलं त्यांनी? चकचकीत पाणी, पाण्यात दिव्यांची झळाळी, आणि पहिल्याच टप्प्यात हातात बंदूक! आणि शेवटचा टप्पा, धक्क्यावरचं गोदाम — तिथला मुख्य पहारेकरी दारातून हलतच नव्हता. त्याला गोळी घातल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. म्हणजे लपाछपीच्या नावाखाली मारामारी विकली, असं मी म्हणायचो. टाळ्या पडायच्या.

दुसऱ्या भागाच्या बाजूने बोलणारा एकच होता, भूषण. सटाण्याचा. वडील तिथे शिंपीकाम करायचे. तो इंदिरानगरला मामाकडे राहून शिकत होता. बोलताना मध्येच अहिराणी यायची, पोरं चिडवायची, तोही हसायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं — “बंदूक दिली म्हणून मारलंच पाहिजे का? हातात असून न मारणं जास्त अवघड आहे. दुसरा भाग म्हणून मोठा आहे.” मी त्याची टर उडवायचो. मी म्हणायचो, मग गोदाम बिनशिट्टी करून दाखव, भर चौकात माझ्या थोबाडीत मार. हे मी किती वेळा, किती जणांसमोर म्हणालो असेन!

आता तुम्ही विचाराल, इतकं काय त्यात? तेच तर. काही नव्हतं त्यात. मला घरी कुणी विचारत नव्हतं, कॉलेजात मार्क यथातथाच. त्या तळघरात मात्र माझा शब्द चालायचा. दुसरं काही नव्हतं माझ्याजवळ, हे तेव्हाही मला कळत होतं.

भूषण दुपारी मनोजभाऊंचं कॅफे सांभाळायचा. भाऊ जेवायला आणि पडायला घरी जायचे, हा काउंटरवर. बदल्यात त्याला मशीन फुकट. एका दुपारी मी गेलो तर कॅफेत कुणी नव्हतं आणि हा गोदामाच्या टप्प्यावर बसणार होता. म्हणाला, साक्षीदार हो. मी झालो. हसतच झालो.

तो गोदामासमोर आला आणि एका खोक्यामागे जाऊन थांबला. नुसता थांबला. काही करेचना. मी जांभया दिल्या, त्याला बोललो, तो गप्प. पडद्यावर काहीच होत नव्हतं. आणि मग — बऱ्याच वेळाने — धक्क्यावर एक होडी लागली, पहारा बदलला, आणि तो मुख्य पहारेकरी दार सोडून पाण्याकडे चालत गेला. आपणहून. भूषण त्याच्या पाठीमागून आत शिरला, कागद घेतले, बाहेर आला. एकही शिट्टी नाही. कुणाला बोटसुद्धा लावलं नाही.

तुमच्या लक्षात आलं का? आम्ही सगळे तासावर पैसे मोजून खेळायचो. घड्याळ काउंटरवर पळत असायचं, त्यामुळे गोदामासमोर इतकं थांबायची छाती कुणाचीच नव्हती. ज्याला मी खेळाचा दोष म्हणून महिनोन्महिने भाषणं ठोकली, तो आमच्या घाईचा दोष होता. एवढं साधं. नाचता येईना अंगण वाकडं.

भूषण उडालाच खुर्चीतून. मला मिठी मारली त्याने. “थांब, बोलावतो सगळ्यांना,” म्हणाला, आणि जिना चढून वर टपरीकडे धावला. पडद्यावर निकाल तसाच होता. दिसलात — शून्य वेळा. मारले — शून्य.

मी एकटा होतो. मशीनचा डबा टेबलाखाली, माझ्या पायाशीच होता. मी चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं.

हे लिहितानाही अंगठा आत ओढला जातोय माझा. कुणाला दिसलं नसतं, मी हाताने दाबू शकलो असतो. पण हाताने केलं असतं तर ते मी केलं असं झालं असतं ना!

पोरं खाली आली तेव्हा पडदा काळा होऊन मशीन नव्याने सुरू होत होतं. मी म्हणालो, लाइट झपकन गेली-आली. तेव्हा लाइट जायचीच, कुणाला नवल वाटलं नाही. भूषणलाही नाही. तो हसत म्हणाला, जाऊ दे, वकील साक्षीला आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, “मी मधे बाहेर गेलो होतो. शेवट काही मी बघितला नाही.”

त्याला आधी वाटलं मी गंमत करतोय. मग त्याचा चेहरा बदलला. घाबरला की तो अहिराणीत शिरायचा. “सांग ना भो,” तो म्हणाला, “तू देखेल शे ना?” पोरं त्या ‘देखेल शे’ला खो खो हसली. मीही हसलो.

तिथे थांबलं असतं तर कदाचित मी आज हे लिहीत नसतो. पण त्या दिवसापासून एक चाल पडली. भूषण काहीही बोलला — मास्तर आज येणार नाहीत, सबमिशन पुढे ढकललंय, काहीही — की कुणीतरी हळूच शिट्टी वाजवायचं. म्हणजे, पकडला, थापा मारतोय. तो सुरुवातीला चिडायचा, मग हसायचा, मग बोलायचाच कमी झाला. मला मिटवता आलं असतं का? एका वाक्यात. रोज आलं असतं. रोज मी ठरवायचो, उद्या.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला कॅफेतल्या सगळ्यात भारी मशीनचं ग्राफिक्स कार्ड गायब झालं. तेव्हा त्या वस्तूची किंमत फार होती. मनोजभाऊंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. दुपारी एकटा कोण असतो? भूषण. तो म्हणाला, भाऊ, मी नाही घेतलं. आणि मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. सवयीनेच. दोघे-तिघे हसले. मनोजभाऊ तसे वाईट माणूस नव्हते, पण ती शिट्टी आणि ते हसू त्यांच्या मनात बसलं. ज्याला त्याचे मित्रच खोटा म्हणतात, त्याच्यावर ते का विश्वास ठेवतील? त्यांनी मामाला फोन केला. मामाने सटाण्याला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. भूषण त्यांच्या मागे उभा होता, त्याचे डोळे सुजले होते. वडिलांनी मनोजभाऊंपुढे हात जोडले. मग भाऊंना विचारलं, याचा जवळचा मित्र कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण तेच खरं होतं. त्यांनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. भूषणला ऐकू जाणार नाही इतकं हळू विचारलं, “बेटा, तू खरं सांग. मना पोरगा खोटं बोलस का?”

त्यांनी कार्डाचं विचारलं नाही. त्यांना चोरीचं पडलंच नव्हतं. आपल्या पोराच्या शब्दावर घरात विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. आणि मी जर ‘नाही’ म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता — मग त्या दिवशी काय झालं? मग अंगठा, मग सगळंच.

मी म्हणालो, “कधी कधी बोलतो, काका.”

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पोराला घेऊन गेले. शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर होती. तो परत आला नाही.

कार्ड? ते चोरीला गेलंच नव्हतं. दुरुस्तीवाला गॅरंटीत बदलून आणायला घेऊन गेला होता. त्या वेळी काउंटरवर भाऊंचा भाऊ होता, तो सांगायचं विसरला. काही आठवड्यांनी कार्ड परत आलं. मनोजभाऊंनी कपाळाला हात लावला, सगळ्यांना चहा पाजला, म्हणाले, त्या पोराला कळवायला हवं. सगळे म्हणाले, वकील कळवेल. मी म्हणालो, हो. भूषणच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर माझ्याकडे होता. मी केला नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ऑफिसच्या कामाने सटाण्याला गेलो. बाजारपेठेतून चालताना एका छोट्या दुकानात तो दिसला, शिलाई मशीनवर वाकलेला. मी पुढे निघून जाऊ शकलो असतो, पण त्यानेच ओळखलं. उठून बाहेर आला, हात धरून आत नेलं. खूश झाला होता हो! चहा मागवला. जुन्या खेळाचं त्याने काढलं नाही, मी तर नाहीच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, एक शर्ट शिवायचाय. त्याने फळीवरून कापड काढून दाखवलं, मग टेप घेतली. मी हात वर केले. त्याने छाती मोजली, आकडा सांगितला.

वहीपाशी त्याचे वडील बसले होते. थकले होते फार. त्यांनी आकडा लिहिला नाही. सावकाश उठले, टेप स्वतःच्या हातात घेतली आणि तीच छाती परत मोजली. मग लिहिलं. भूषणने बाही मोजली, त्यांनी ती परत मोजली. भूषण दर वेळी टेप पुढे करायचा आणि बाजूला सरकायचा, इतक्या सवयीने की त्यात रागही नव्हता. आपला बाप आपल्या शब्दावर एक शर्टही कापत नाही, याची माणसाला अशी सवय होते?

“दादा, हाऊ मना दोस्त शे, नाशिकना,” भूषण वडिलांना म्हणाला.

म्हाताऱ्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. चेहरा उजळला त्यांचा. “तुम्हीच ना ते? तुम्हीच तवय खरं सांगेल व्हतं,” ते म्हणाले. “तवयपासून हाऊ जे सांगस ते मी परत मोजी लेस.”

भूषणने मान वर केली. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला आतापर्यंत माहीतच नव्हतं की बापाला ते कुणी सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. टेप त्याच्या हातात तशीच होती. नुसता थांबला. तो किती थांबू शकतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

दुकानात आम्ही तिघेच होतो. मला दार मोकळं होतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, “कॉलर जरा सैल ठेवा.”