होडी कंटेनरमध्ये चढली तो दिवस

बेलापूरच्या ऑफिसात मी नेमकं काय करते, हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. कुणाच्या लग्नात विषय निघालाच, तर "शिपिंगमध्ये आहे" म्हणते आणि ताटाकडे वळते. खरं तर काम सांगायला सोपं आहे. अमेरिकेतल्या कुणी समुद्रमार्गे माल मागवला, की तो इकडे जहाजावर चढण्याच्या किमान एक दिवस आधी तिकडच्या कस्टम्सला त्याची माहिती पोचावी लागते. माल काय आहे, विकला कुणी, घेतला कुणी, बनवला कुणी आणि कंटेनर नेमका कुठल्या जागी भरला. भलतंसलतं काही आपल्या बंदरात येऊन पडण्याआधीच कळावं, म्हणून त्यांचा हा नियम. जबाबदारी माल मागवणाऱ्याची, पण माहिती गोळा करून पाठवायचं काम त्याच्या वतीनं आमच्यासारखी ऑफिसं करतात. टॉवेल, स्टीलचे डबे, ग्रॅनाइटच्या लाद्या, बाथरूमचे नळ. रोज तेच.

म्हणून एका सकाळी "लाकडी होडी, नग एक" असं समोर आलं, तेव्हा मी खुर्ची सरकवून आमच्या मॅडमकडे गेले.

"हो, खरीखुरी होडी आहे," मॅडम म्हणाल्या. "तिकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी बनवून घेतलीय. मूळच्या आपल्याच, उरणकडच्या. घराजवळ तळं आहे म्हणे."

होडीची निर्यातीची कागदपत्रं वाशीच्या एका व्यापाऱ्यानं केली होती आणि बनवणारा म्हणूनही स्वतःचंच नाव टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि ताबडतोब मेल केला. होडी ज्यानं बनवली त्याचंच नाव गेलं पाहिजे, आणि मेलच्या खाली त्याचा फोन नंबर.

मी फोन लावला. मागे ठोकाठोक चालली होती.

"होडी तुम्हीच बनवलीत ना?"

"मी नाय तर कोन? तू कोन बोलतेस, बेटा?"

मी सांगितलं. अमेरिकेच्या कस्टम्सला तुमचा पत्ता द्यायचाय, असंही म्हटलं. पलीकडे ठोकाठोक थांबली.

"काय गुन्हा झाला काय?"

"नाही हो चाचा, काही गुन्हा नाही. नियम आहे."

"मग लिही. खाडीच्या कडेला, मशिदीच्या मागं. कोनाला पन विचार."

अमेरिकेचं सरकार कोणाला विचारणार, या विचारानं मला इतकं हसू आलं की शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं. शेवटी त्यांच्या वीजबिलावरून पत्ता मिळाला. बनवणारे चाचा, कंटेनर भरायची जागा त्यांच्या घरापुढचं अंगण. माहिती पाठवली, ती स्वीकारल्याचा निरोपही आला.

एवढ्यावर माझं काम संपलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, "होडी आजवर कधी केली नाही आपण. भरताना कुणीतरी जाऊन ये." मी ताबडतोब हात वर केला. इतकी वर्षं मी न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची माहिती भरतेय, पण कंटेनर भरताना एकदाही पाहिलेला नव्हता. सीवूड्सच्या घरून सकाळी लवकर ऑफिसची गाडी घेऊन निघाले.

होडी अंगणात ओंडक्यांवर उभी होती. मला वाटलं होतं, फोटोत असतात तशी एखादी रंगीबेरंगी असेल. ही साधी, तेल पाजलेल्या लाकडाची. पुढचं निमुळतं टोक, म्हणजे नाळ, असं वर उचललेलं, की होडी जमिनीवर असूनही निघाल्यासारखी वाटत होती. मी हात फिरवला. कुठे खिळ्याचं डोकं लागेना.

"भिऊ नको, चढ आत," चाचा म्हणाले. सत्तरीचे असावेत. दाढी पांढरी, दंड मात्र तरण्याचे. मी चपला काढून आत जाऊन बसले. आजूबाजूची मंडळी हसली, मीही हसले.

चाचींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. खाता खाता कळलं की त्या डॉक्टरीणबाई याच वस्तीत लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांचे आजोबा त्यांना असल्याच होडीतून खाडीपलीकडे शाळेत सोडायचे, आणि ती होडी चाचांच्या वडलांनी बनवलेली होती.

तेवढ्यात ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला. तो रस्त्यावरच्या वळणापाशी अडकला होता. आम्ही चालत तिकडे गेलो. एका बाजूला मशिदीची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मध्ये तो लांबलचक ट्रेलर तोंड खुपसून उभा. ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत होता.

"ताय, ह्ये वळन न्हाय बसायचं. भित पाडली तरच."

"तुम्ही साताऱ्याचे का?" मी विचारलं.

"कोरेगाव. तुमी?"

"वाई."

दोघांनाही आनंद झाला, पण ट्रेलर जागचा हलला नाही. चाचांनी वळणाकडे पाहिलं, मागे मेन रोडकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी येत नाय तर होडी जाईल. त्यात काय?"

मेन रोडला लागून जिल्हा परिषदेची शाळा होती. मैदान मोठं, फाटक रुंद. चाचा थेट मोठ्या बाईंकडे गेले, मागोमाग मी. बाई हजेरी घेत होत्या. त्यांनी चाचांचं ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मधल्या सुट्टीच्या आत उरकणार का?"

"उरकतो."

"मग आणा. नाहीतरी आज कोणाचं लक्ष लागणार नाही."

ड्रायव्हरनं ट्रेलर मागे घेतला आणि शाळेच्या मैदानात लावला. इकडे चाचांनी वस्तीत हाक दिली. कोण कोण आलं! लुंगीतले, ऑफिसच्या शर्टातले, एक जण अर्धी दाढी करून साबण तसाच तोंडावर घेऊन. बायका ओंडके उचलायला. रोज या होड्या पाण्याकडे ढकलायची सवय असलेली माणसं, आज पहिल्यांदाच पाण्याकडे पाठ करून दोर ओढत होती.

"हेय्या!" चाचा ओरडले, आणि होडी हलली.

मागचे ओंडके सुटले की बायका ते उचलून पळत पुढे आणून टाकत. वळणावर नाळ भिंतीला घासेल असं वाटलं, तेव्हा सगळे दोर धरून थांबले. चाचींनी पुढे होऊन भिंत आणि होडी यांच्यामध्ये आपल्या हाताची उशी धरली. "चाचा, आधी चाचींना बाजूला करा!" मी ओरडले. "ती मानतेय होय!" ते म्हणाले. होडी वळली. चाचींचा हात शाबूत राहिला. मीही दोराला हात लावला होता, ड्रेसच्या बाहीला तेलाचा डाग पडला. तो अजून निघालेला नाही आणि मी फारसा प्रयत्नही केलेला नाही.

मैदानात पोचलो तेव्हा सगळी शाळा खिडक्यांत होती. जवळच एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथला हायड्रा क्रेनवाला बोलावल्यावर लगेच आला. त्यानं पट्ट्यांवर होडी उचलली तशी खिडक्यांतून अशी आरोळी उठली की मोठ्या बाईंनी शेवटी दारं उघडून मुलांना बाहेरच सोडलं. होडीचं टोक कंटेनरच्या तोंडात गेलं. उरलेली होडी माणसांनी आत ढकलली. दोन्ही बाजूंना पोती कोंबली, दोरानं आवळली. वल्ही आणि डोलकाठी बाजूला बांधली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही पाठवलेल्या माहितीत कंटेनर भरायची जागा चाचांचं अंगण होती. भरला तर शाळेच्या मैदानात. मी मॅडमना फोन केला.

"मग बदल ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "जहाज भरायला अजून वेळ आहे. माहिती सुधारता येते, खोटी मात्र राहता कामा नये. शाळेचा पत्ता टाक."

"शाळेचा? अमेरिकेच्या कस्टम्सला?"

"तिथेच भरलाय ना?"

मोठ्या बाईंनी शाळेचा शिक्का मारलेला पत्ता लिहून दिला. अक्षर फळ्यावरच्यासारखं वळणदार. मी पायरीवर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं. चाचा शेजारी येऊन बसले.

"माझा नाव दाखव."

मी दाखवलं. इंग्रजीतलं आपलं नाव त्यांनी बोटानं अक्षर अक्षर चाचपलं. चाची मागे उभ्या होत्या, त्या बोलल्या.

"आनि शीड कोनी शिवला?"

मी वळून पाहिलं. चाचींच्या हातात कापडात गुंडाळलेलं लांब गाठोडं होतं. अजून कंटेनरमध्ये ठेवायचं होतं. घरातल्या मशीनवर त्यांनी शिवलेलं शीड.

"मीच शिवला ना? मंग माझा नाव कुठं हाय?"

चाचा हसायला लागले. "अगं, तिकडं कोन वाचनार हाय?"

"तुमचा वाचनार हाय, तर माझा पन वाचतील."

मी मॅडमना पुन्हा फोन केला. शीड वेगळं बांधून जात होतं, तेव्हा त्याची वेगळी ओळ करता येईल का, आणि त्या ओळीला वेगळी बनवणारी? मॅडम म्हणाल्या, "येईल. उलट ते जास्त बरोबर आहे. पण आधी डॉक्टरीणबाईंना विचार, माहिती त्यांच्या नावानं जाते."

अमेरिकेत रात्र बरीच झाली होती, पण डॉक्टरीणबाई जाग्याच होत्या. होडी भरल्याचा व्हिडिओ कधी येतो याची वाट पाहत बसल्या असणार. मी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा चाचींकडे फिरवला. पुढं पाच मिनिटं मला काही विचारताच आलं नाही. दोघी एकदम बोलत होत्या, एकमेकींचं ऐकत नव्हत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. शेवटी बाईंना माझी आठवण झाली.

"काय हवंय तुम्हाला?"

"शिडाची बनवणारी म्हणून चाचींचं नाव टाकायचंय. टाकू ना?"

"हे विचारायला फोन केलात?" त्या हसत होत्या की रडत होत्या, ते पडद्यावर नीट दिसेना. "मोठ्या अक्षरात टाका!"

अक्षरं सगळी एकाच मापाची असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. चाचींनी आपलं नाव तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा माहेरच्या आडनावासकट. त्यांच्या आधार कार्डावर वेगळं होतं, त्यावरून थोडी हुज्जत झाली. शेवटी कार्डावरचंच घालायचं ठरलं. भरायच्या जागेचा पत्ता बदलून शाळेचा केला, नवी ओळ भरली आणि पाठवलं. सगळे माझ्या पडद्याकडे बघत होते. उत्तर यायला नेहमी फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी लागल्यासारखा वाटला.

"आलं!" मी म्हटलं. "घेतलं त्यांनी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं. दार बंद झालं, ट्रेलरबरोबर आलेल्या वाशीच्या व्यापाऱ्याच्या माणसानं सील ठोकलं, फोटो काढले. कोरेगावच्या ड्रायव्हरनं केबिनमधून मला हात केला आणि ट्रेलर बंदराकडे निघाला. मधली सुट्टी कधीच होऊन गेली होती. मोठ्या बाईंनी ती पुन्हा दिली.

दुपारी चाचींनी मला सोडलंच नाही. कोळंबीची बिर्याणी केली होती, पातेलं अंगणात आणून ठेवलं होतं. होडी जिथं उभी होती तिथं आता मोकळी जागा होती, दोर ओढणारी सगळी माणसं तिथंच पंगत करून बसली. साबणवाल्याचीही दाढी तोवर पूर्ण झाली होती.

जहाज सुटलं. मी रोज त्याचा नकाशावरचा ठिपका पाहायचे, कामाचा भाग नसतानाही. पुढं आमच्या तिकडच्या एजंटचा मेल आला. माल कुठेही अडवला नाही, सुटला. मी लगेच चाचांना फोन लावला. ते दुसऱ्या एका होडीच्या फटीत कापूस आणि राळ भरत होते.

"चाचा, पोचली होडी. कुणी काही विचारलं नाही, सरळ सोडली."

"थांब," ते म्हणाले. "एकटा काय ऐकू? सगळ्यांना बोलावतो."

फोन स्पीकरवर गेला. चाचांच्या हाका, कुणाच्या तरी धावत्या चपला, चाचींचं "काय बोलली, काय बोलली?" मी ऑफिसात उभी होते. मॅडमनी खूण केली, तसा मीही माझा फोन स्पीकरवर टाकला आणि टॉवेल, डबे, नळ भरणारे सगळे माझ्या टेबलाभोवती जमले.

"आता बोल, बेटा," चाचा म्हणाले. "पहिल्यापासून सांग."