लेण्याद्रीची डोली

देवाला मी हात जोडत होतो, पण त्याच्यावर भार टाकायची सवय मला नव्हती. घराण्यातला पहिला पदवीधर मी. अर्ज, बँक, दवाखाना, सगळं माझं मीच केलेलं. त्याचा ताठा होता. आजही थोडा आहे.

त्या वर्षी बेल्ह्याच्या मैदानावर कबड्डीत चढाई करताना माझा गुडघा फिरला. ती तांबडी माती, कडेला टेम्पोच्या टपावर बसलेली माणसं, 'पाय, पाय!' असा ओरडा, सगळं अजून जसंच्या तसं दिसतं. लिगामेंटचं ऑपरेशन झालं, पण नंतर पाय काटकोनाच्या पुढं वाकेना. नारायणगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडम रोज म्हणायच्या, "पाय माझ्या हातात सोडा." मी म्हणायचो, सोडलाय. स्नायू मात्र लाकडासारखे घट्ट. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कबड्डी राहिली लांब, पंगतीत मांडी घालून बसता येईल का, हीच धास्ती.

मॅडमनी पायऱ्या चढायला बंदी केली होती. तरी मी कुणाला न सांगता लेण्याद्रीच्या गणपतीला गेलो. स्वतःच्या पायांनी चढलो तरच दर्शन खरं, असं डोक्यात. कठडा धरून चढलोही. उतरताना मात्र निम्म्यावर गुडघा सुजून गच्च झाला. पाऊल टाकवेना, म्हणून पायरीवरच बसलो.

रिकामी डोली घेऊन चौघं उतरत होते. पुढचा म्हातारा थांबला.

"बसा पावणं."

"नको. उतरतो मी हळूहळू."

"कवा? दिवाळीला?"

मागचे तिघं हसले. बसलो एकदाचा. लाजेनं मान खाली, दोन्ही हातांनी दांडे आवळलेले. दहा पायऱ्या गेल्यावर म्हातारा म्हणाला, "भाऊ, अंग ढिलं सोडा. ताठ माणूस लई जड लागतो."

नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. माझे हात सुटले, पाठ मागं टेकली. खाली कुकडीकाठची शेतं उन्हात पडली होती, त्यापलीकडं मी खेळलेली गावं. डोळे भरून आले आणि ते पुसायचंही सुचलं नाही.

सूज उतरायला चार दिवस लागले. मॅडमची बोलणी खाल्ली. मग त्यांनी पाय हातात घेतला, तेव्हा मी डोलीत बसल्यासारखा पडून राहिलो. गुडघा काटकोन ओलांडून पुढं सरकला. "आज काय खाऊन आलात?" मॅडम म्हणाल्या.

व्यायाम पुढं कित्येक महिने चालला. मैदानात मात्र पुन्हा उतरलो नाही, त्याची हळहळ आहे. पण करणं माझं असलं तरी सावरणारे हात दुसऱ्याचे असतात, हे त्या उतरणीवर कळलं.

बरा झाल्यावर त्या म्हाताऱ्याला मुद्दाम भेटलो. त्यानं ओळखलंच नाही. "रोज येवढी माणसं खाली आणतो राव, कुणाकुणाला ध्यानात ठिवू? जा वर. त्यो वळखील."

वर गेलो. गिरिजात्मजापुढं मांडी घालून बसलो, आणि मागची बाई "सरका की भाऊ" म्हणेपर्यंत उठलो नाही.