सोंगाच्या पायावर

चकलांब्याच्या आमच्या घरात त्या वर्षी एक बुवा ठाण मांडून बसला होता. वडिलांनी त्याला माडीवरची खोली दिली, रोज सायीचं दही दिलं, आणि आता विहिरीचं रान त्याच्या मठाला द्यायला निघाले होते. आईनं तोंड उघडलं की "पाप लागंल" म्हणून तिला गप्प करायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हैदराबादेत शिकताना मी एक जुनं फ्रेंच प्रहसन उर्दूत वाचलं होतं. त्यात असाच एक ढोंगी भाविक घरमालकाला पुरता गुंडाळतो आणि शेवटी बादशहाचा माणूस येऊन त्याला पकडतो. मी ते मराठीत उतरवलं, बादशहाच्या माणसाच्या जागी निजाम सरकारचा जमादार घातला, आणि गावच्या उत्सवात लळिताच्या, म्हणजे शेवटी सोंगं आणायच्या, दिवशी करायचं ठरवलं. बुवाचं सोंग मीच घेतलं. तसलीच दाढी, तसलीच कफनी, बोलताना डोळे मिटायची तीच ढब.

लळितात साधूचं सोंग आलं की यजमानानं उठून त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. यजमान वडीलच होते. रीत मला ठाऊक होती. खरं तर मी तिच्यावरच टपून बसलो होतो. ते वाकले. मी पाय मागं घेतले नाहीत. उलट त्यांच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "भक्ता, देवाला विहिरीचं रान लई आवडतं."

सारं गाव खदखदून हसलं. वडील उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. बुवाही हसला, पण दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलून चालता झाला. रान वाचलं. आई म्हणाली, "लई चांगलं केलंस बाबा."

पण त्या दिवसापासून वडिलांची पूजा सुटली. सकाळी अंघोळ करून देवघराच्या दारापर्यंत यायचे, जरा थांबायचे आणि तसेच गोठ्याकडे वळायचे. मला बुवा घालवायचा होता, त्यांचा देव नव्हे. हे त्यांना सांगावं असं फार वाटे, पण त्यांच्यासमोर माझी मान वर होत नसे.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी तीर्थाची पळी त्यांच्या ओठांशी नेली आणि डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागलो. त्यांनी तोंड फिरवलं.

"हे बी सोंगच हाय का रे?"