मनोहररावांनी निवडलेली भाषा

श्री. मनोहरराव ठवकर यांची आणि माझी पहिली भेट आमच्या गावातल्या पावर हाउस भागातल्या एका संगणकवर्गात झाली. नव्वद साल नुकतेच उलटले होते. मी कारखान्यात नवा इंजिनिअर, ते पन्नाशी ओलांडलेले कारकून. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेला सी भाषेतला प्रोग्रॅम ते एका बोटाने टाइप करत होते. घरी संगणक नव्हता. आठवडाभर सेक्टर १०मधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये कागदावर लिहायचे आणि रविवारी इथे चालवून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता.

प्रोग्रॅम आमच्या मराठी मंडळातल्या रक्तदात्यांच्या यादीचा होता. मी सुचवले, "सी आता मागे पडली. हे सी प्लस प्लसमध्ये हवे."

"कावून? सीमंदी काय कमी आहे?"

मी लांबलचक व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. "तुमी तुमचा लिहा साहेब, मी माहा लिहून राहिलोच. मंग पाहू, मंडळाले कोणता द्यायचा."

काही महिन्यांनी माझ्या पत्नीला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. बी निगेटिव्ह रक्त कुठेच मिळेना. मी वर्गाकडे धावलो. तोवर मी लिहून ठेवलेल्या माझ्या प्रोग्रॅमने एकही नाव दिले नाही. रविवार असल्याने मनोहरराव तिथेच होते. त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम चालवला आणि जवळच्या कुरुदमधल्या एका कामगाराचे नाव आले. माझा प्रोग्रॅम यादीतली शेवटची नोंद वाचतच नव्हता. मनोहरराव लगेच स्कूटरवरून कुरुदला गेले आणि त्या गृहस्थांना घेऊन थेट दवाखान्यात आले. पत्नी वाचली. मुलगी झाली.

पुढे मंडळाच्या बैठकीत निवडीचा विषय निघाला. मी मान खाली घालून बसलो होतो.

"साहेबांचाच घ्या," मनोहरराव म्हणाले.

अध्यक्षांनी कारण विचारले.

"माहा प्रोग्रॅम फक्त मलेच समजते. त्यांच्या प्रोग्रॅममंदी उद्या कोणालेबी नवीन काही जोडता येईल. चूक एका ओळीची होती, भाषेची नाही. ते ओळ आमी दुरुस्त केली."

पुढच्या रविवारी ते वही घेऊन माझ्या शेजारी बसले. "आता शिकवा मले." आज ती यादी तेच सांभाळतात, आणि माझी एखादी ओळ बदलायची झाली तर आजही आधी मला विचारतात.

साठी पूर्ण करणाऱ्या मनोहररावांनी साखरेचे पथ्य तेवढे पाळावे, उत्तम प्रकृती राखावी, आणि त्यांच्या पंचाहत्तरीचा लेखही मलाच लिहायला मिळावा, ही मनापासून इच्छा.