आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांचा डबा

मंडळी, आज ब्रह्मपुरीला आईकडे गेलो होतो. मी ऊर्जानगरला नोकरीला, महिन्यातून एकदाच जमतं.

आईचे गुडघे झिजलेत. पन्नासच्या दशकात जन्मलेले गुडघे ते, आयुष्यभर धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपांचं रोवणं केलेले! मागे मीच ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा डबा आणून दिला होता. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "गोळ्यांनी फरक पडेलच असं नाही, पण चालणं सोडू नका."

आज आई दारात काठीशिवाय उभी! मी खूश. नवा डबा दिला, तर म्हणते, "नूरबीच्या घरी ठेवून ये. माह्या गोळ्या तिच्याच घरी राह्यते."

नूरबी आईची मैत्रीण, चार गल्ल्या पलीकडे राहते. शिलाई मशीन चालवून तिचेही गुडघे गेलेत. दोघी रोज सोबत गोळी घेतात म्हणे.

तिच्याकडे जाऊन जुना डबा उघडला. आत बडीशेप!

"गोळ्या तं दिवाळीतच सरल्या, बेटा," नूरबी हसली.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं नवा डब्बा तू तिच्या उशाशी ठेवला असता. मंग ते रोज इथपर्यंत चालत आली असती का?"

नवा डबा तिथेच ठेवला. परत येऊन आईला बडीशेपेचं विचारलं.

"मले मालूम हाय," चप्पल घालत आई म्हणाली. "पन मी गेली का तिले बी उठून दार उघडा लागते ना! सरक, गोळीची वेळ झाली."

तुमच्या आईच्या गोळ्या कोणाच्या घरी आहेत?