जावयाचं चामडं, सुनेचं चामडं

दिवाळीत आमच्या वन्सं पुण्याहून तुळजापूरला आल्या, तेव्हा त्यांच्या खांद्याला एका मोठ्या कंपनीची पर्स होती. वन्सं म्हणजे माझी नणंद, सासूबाईंची एकुलती एक लेक. नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला दिली होती म्हणे. आल्या आल्या म्हणाल्या, "वहिनी, हिला खाली ठेवू नका हं, लेदर आहे." मग ती पर्स पलंगावर उशीला टेकून बसली आणि मी खाली बसून करंज्या भरत राहिले. सासूबाईंनी तर गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवली. जावयानं दिली, अस्सल चामड्याची.

वन्सं आंघोळीला गेल्या तेव्हा मी टेप काढला. मी कचेरीत कारकून आहे, पण घरी शिलाई मशीनवर बसल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि चांगला घाट दिसला की माप घेतल्याशिवाय हात राहत नाहीत. लांबी घेतली, उंची घेतली, बुडाची रुंदी घेतली. पट्ट्यापाशी आले आणि थांबले. पट्टा जिथं पर्सला जोडला होता तिथं बारीक चीर गेली होती, आणि चिरेतून पांढरं जाळीदार कापड दिसत होतं. चामड्याच्या आत कापड नसतं, रेक्झिनला असतं. आमच्या स्कूटरच्या सीटचं कव्हर मीच शिवलंय, रेक्झिन मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा बोलले नाही. म्हणलं, थांबा. आधी मी खरी शिवते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवते आणि मग बोलते, सगळ्यांच्या देखत. माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही.

एका रविवारी सोलापूरला जाऊन बकरीचं तपकिरी चामडं घेऊन आले. पिशवी उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच सासूबाईंना वास लागला.

"ते घरात न्हाय आणायचं. देव हायेत घरात."

"आत्याबाई, वन्संची पर्स पलंगावर बसली होती की."

"ती जावयानं दिलेली. तिचं येगळं."

घ्या. जावयाचं चामडं पलंगावर आणि सुनेचं गच्चीवर. मी सामान उचललं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बस्तान मांडलं.

कापडावर बसलेला हात चामड्यावर चालत नाही, हे लगेच कळलं. टाचणी लावून काढली तर भोक तिथंच. कापडाची शिवण उसवता येते, वरून इस्त्री फिरवली की कुणाला पत्ता लागत नाही. चामड्याला पडलेलं भोक काही केल्या बुजत नाही. मग टाचण्या ठेवून दिल्या आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. मशीनच्या सुया मोडायला लागल्या तेव्हा मशीनही सोडलं. भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून जेवणाच्या काट्याचे दात चामड्यावर दाबून खुणा केल्या. चप्पल शिवणाऱ्या काकांकडून आरी मागून आणली होती, ती खुणांवर टोचली. दोऱ्याला मेण लावलं, दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून काढत गेले. बोटं सोलून निघाली. साहेबांनी विचारलं, "मॅडम, हाताला काय झालं?" म्हणलं, भांडी. आतून आईच्या जुन्या इरकलीचं अस्तर लावलं. पर्स पुरी झाली तेव्हा मी स्वतःवरच लई खूश झाले. वन्संच्या पर्सची सख्खी बहीण दिसत होती, फक्त ही खरी होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वन्सं परत आल्या. जीप करून अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला जायचं ठरलं. मी मुद्दाम माझी पर्स घेतली.

"वहिनी, कुठून घेतली?"

"घरीच केली."

"हो का? छान आहे," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझा जीव जळाला. आज सांगायचंच, मी ठरवलं. त्यांच्या पर्सच्या पट्ट्याला एक रेशमी रुमाल बांधलेला होता. म्हणलं, असेल पुण्याची फॅशन.

देवळात चामडं न्यायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. म्हणून हार-नारळाच्या दुकानात पर्सा ठेवायचं ठरलं. दुकानदारानं माझी घेतली. वन्संनी त्यांची पुढं केली, पण पट्टा काही सोडेनात. त्यानं पर्सवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, ही खुशाल आत न्या. ही चामड्याची न्हाय, रेक्झिन हाय."

सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं. "काय म्हनले गं?" त्यांनी मला विचारलं.

वाक्य दिवाळीपासून माझ्या तोंडात तयार होतं. दुकानदार म्हणाला तेवढंच मोठ्यानं म्हणायचं होतं. मी वन्संकडं बघितलं. चेहरा पार उतरला होता, आणि मूठ त्या रुमालावर घट्ट आवळलेली होती, बरोबर चिरेच्या जागी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईला ठाऊक होतं. पण नवऱ्यानं हौसेनं दिलेली वस्तू खोटी निघाली, हे सांगणार कुणाला? गल्लीभर मिरवून बसलेल्या आईला? मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि एवढा जपलेला राग वाया चालला म्हणूनही वाटलं.

"दोन्ही चामड्याच्याच हायेत म्हणाले, आत्याबाई," मी म्हणलं. "दुकानात नकोत ठेवायला. तुम्ही दोघी जाऊन या, मी बसते घेऊन."

बाईचं डोकं फिरलंय, अशा नजरेनं दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही पर्सा मांडीवर घेऊन त्याच्या बाकड्यावर बसले आणि खंडोबाला बाहेरूनच हात जोडले.

संध्याकाळी वन्सं गच्चीवर आल्या. कधी येत नाहीत. कपाळावरचा भंडारा तसाच होता. माझ्या उरलेल्या चामड्याचा तुकडा उचलून उलटसुलट करत राहिल्या.

"वहिनी, मला एक शिवून द्याल? अगदी ह्या माझ्या पर्ससारखी. ह्यांनाही फरक कळायला नको."

"देईन की."

"मग ही ठेवून जाते. माप घ्यायला लागेल ना?"

"नको. माप आहे माझ्याकडं."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

वन्सं टाकीला टेकून माझ्या शेजारी खाली बसल्या, पर्सही खालीच ठेवली, आणि पट्ट्याचा रुमाल सोडायला लागल्या.