दगडातला कापूस

घरात त्याला थापाड्या म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. नाव ताईनं ठेवलेलं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ताईनंच शिवणयंत्र चालवून त्याला वाढवलं, त्यामुळे नावं ठेवायचा हक्कही तिचाच. शाळेतून उशिरा आला म्हणून एकदा तिनं कान धरला, तर हा म्हणाला, "पुलावर सर्कशीतला हत्ती बसला होता. उठेचना." ताईनं यंत्र थांबवलं, चपला घातल्या आणि थेट पुलापर्यंत जाऊन आली. हत्ती नव्हता, सर्कसही नव्हती. परत येऊन ती एवढंच म्हणाली, "शेण तरी ठेवायचं होतंस रे, थापाड्या!"

मग तो खाणीत कामाला लागला. काळ्या कातळाची खाण. सुरुंग लावायचा, दगड पाडायचा, चक्कीत घालून त्याची खडी करायची. पहिल्याच आठवड्यात तो अंगभर धूळ घेऊन घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला,

"ताई, दगडात बाग असते."

"आणि माळी?" ताई दातांनी दोरा तोडत म्हणाली.

"खरंच सांगतो. बाहेरून काळाकुट्ट. फोडला की आत पोकळी आणि पोकळीभर स्फटिक. पांढरे, हिरवे, जांभळे. डोळे दिपतात!"

"मग आण की एक. बघू तरी."

"आणतो."

नाही आणला. पहिली काही वर्षं फाटकावर झडती असायची, स्फटिकाचा दगड मालकाचा. पुढे मालकाचा विश्वास बसला, मागितला असता तर एखादा मिळालाही असता. पण याला वाटायचं, असला तुटका काय न्यायचा? चांगला सापडला की नेऊ. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या गमतीची सवय लागली होती. त्यानं सांगायचं, "आज दगडात हिरवे दाणे निघाले, द्राक्षांच्या घडासारखे," आणि ताईनं म्हणायचं, "धुऊन आणायचे, खाल्ले असते." संध्याकाळचा चहा त्याशिवाय गोड लागायचा नाही.

खाणीत मात्र त्याच्या शब्दाला वजन होतं. तिथं त्याला सगळे मामा म्हणत. सुरुंग उडाला की मामा हातोडी घेऊन पडलेल्या दगडांतून फिरायचा, ठोकायचा, कान लावायचा. आवाज बदलला की म्हणायचा, "इथं पोकळ आहे, थांबा." मग छिन्नीनं गोंजारत गोंजारत पोकळीचं तोंड उघडायचा. पण त्याची खरी ख्याती होती ती बांधणीची. नाजूक स्फटिक निघाला की पोकळीत कापसाचे बोळे भरायचे, वरून कापसाची गादी, मग कागद, मग सुतळी. मालक व्यापाऱ्यांना सांगायचा, "याच्या हातचा डबा डोंगरावरून ढकला. आत सुईसुद्धा मोडायची नाही." आणि कधी मोडलीही नव्हती.

वर्षं गेली. ताईचं लग्न झालं, ती विधवा झाली, तिची मुलगी मोठी होऊन तिचंही लग्न झालं. हा तसाच राहिला, एका गल्लीपलीकडच्या खोलीत. मग एक दिवस ताईनं कुणाच्या तरी सदऱ्याला खिसा आतल्या बाजूनं लावला. सगळे हसले. ताईही हसली. पुढच्या वेळी तिनं दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवल्या, तेव्हा भाचीनं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टर म्हणाले.

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ताईनं भावाला सांगितलं. "कडा सगळ्या गेल्या. पण नळीसमोर येतं ते अजून स्वच्छ." आणि मग सुईत दोरा ओवता ओवता सहज बोलल्यासारखं, "तुझी ती बाग तेवढी बघायची राहिली हं."

तो काहीतरी थट्टेत बोलणार होता. त्याऐवजी त्यानं तिच्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

त्याच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं, "जाताना एक दगड तुझा. हवा तो उचल." आता तो हातोडी घेऊन हट्टाला पेटल्यासारखा फिरू लागला. आणि एका सकाळी, खालच्या थरात, तोंड उघडलं तर त्याला वाटलं आधीच कुणीतरी आत कापूस भरून ठेवलाय. पांढरे शुभ्र गोंडे. काही लिंबाएवढे, काही बोराएवढे, काळ्या पोकळीच्या भिंतीला चिकटून बसलेले. तो वाकला. त्याच्या श्वासानं गोंड्यांवरचे केस हलले.

दगडाचे केस, श्वासानं हलले! त्यानं श्वास रोखला. साऱ्या आयुष्यात असलं काही त्याच्या हातोडीखाली आलं नव्हतं.

मालक बघायला आला. "जांभळा घे वेड्या, चकाकतो तरी. हे काय, गादीवाल्याच्या दुकानातून आणलंस?"

"हाच."

"घे बाबा. नंतर रडू नकोस."

बाकीचा थर दुपारपर्यंत चक्कीत गेला, खडी झाला. त्याचा तुकडा तेवढा वाचला. मग मामानं आयुष्यभर केलं तेच केलं, फक्त जास्त मायेनं. नवा कोरा कापूस आणला. गोंड्यांच्या मधल्या जागांत बोळे भरले, वर गादी ठेवली, तळव्यानं अलगद दाबून बघितलं, काही हलत नाही ना. कागद. सुतळी. डबा.

त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला, पण हात हलवत.

"रविवारी सगळे घरी थांबा," त्यानं भाचीला दारातच सांगितलं. "जावईबापूसुद्धा. मी काहीतरी आणणार आहे."

"मामा, आजच आणा ना. आई खिडकीत बसलीये, ऊनही चांगलं आहे. सकाळपासून म्हणतेय, आज बरं दिसतंय."

"छे, छे! असं नाही. सगळे समोर पाहिजेत. आयुष्यभर हसलात ना मला? सगळ्यांची तोंडं बघायचीत."

"मग तिकिटं लावा की!" भाची म्हणाली.

आतून ताई ओरडली, "हत्ती आणतोयस का रे?"

"हत्तीपेक्षा मोठं!" तो म्हणाला, आणि शीळ घालत घरी गेला.

शनिवारी खाणीवर भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या अधूनमधून यायच्या, दगडांचे नमुने न्यायच्या, मामाशी गप्पा मारायच्या. त्यानं कापसाच्या गोंड्यांचं वर्णन केलं तशा त्या खडीच्या ढिगावरच बसल्या.

"मामा, ओकेनाइट म्हणतात त्याला! मी चांगला तुकडा एकदाच बघितलाय, तोही दूरच्या देशात, काचेमागे."

"पण हे होतं कसं? दगडाला केस?"

बाई रंगात आल्या. हातवारे करून सांगू लागल्या. हा सगळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. उकळत्या लापशीत बुडबुडे यावेत तसे त्यात वायूचे बुडबुडे होते, लाव्हा गोठला आणि बुडबुडे आतच अडकले, त्या या पोकळ्या. मग पुढे कितीतरी काळ कातळातून गरम पाणी झिरपत राहिलं. जाता जाता त्यानं दगडातलं कॅल्शियम विरघळवून घेतलं, सिलिका घेतली, आणि पोकळीत येऊन निवांत झालं की दोन्ही थोडं थोडं सोडून दिलं. "एका ठिपक्यापासून चहूबाजूंनी धागे वाढतात. केसाहून बारीक. घाई झाली तर होत नाही, धक्का बसला तर होत नाही. कुठंय तो?"

"घरी. नीट गुंडाळून ठेवलाय."

"कशात?"

"कशात म्हणजे?" मामा हसला. "कापसात!"

बाईंनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, परत घातला.

"दाबून?"

"डोंगरावरून ढकला, बाई."

"मामा, तो धागा वाकला की परत उठत नाही हो. बोट लागलं तरी चिकटून बसतो. आम्ही तळ तेवढा पेटीला चिकटवतो. वर काही लागू द्यायचं नाही, नुसती हवा."

"पाण्यानं धुतला तर?"

"अजून लगदा होईल."

तो घरी कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. सुतळी सोडली. कागद काढला. गादी उचलली, तर ती निघेना, गोंड्यांना चिकटून बसलेली. सोडवायला गेला तर पांढरे तंतू ताणले गेले आणि तुटले. चिमट्यानं एक बोळा ओढला. त्याच्याबरोबर अर्धा गोंडा आला. मग दुसरा ओढायचा त्याला धीर होईना. उजेडात धरून बघितलं. पांढऱ्यात पांढरं, चेपलेलं, गुंतलेलं. त्यातलं बाजारातलं किती आणि कातळाच्या पोटातलं किती, ते आता त्यालाही सांगता येईना.

तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. हात हलवत गेला त्या संध्याकाळी ताईच्या खिडकीत ऊन होतं. तिला बरं दिसत होतं.

रविवारी जाऊच नये असं त्याच्या मनात आलं. पण ताई वाट बघत असणार. तो गेला. ताई केस नीट विंचरून खिडकीतल्या खुर्चीत बसली होती. भाची आणि जावई पलंगावर, खरोखर नाटकाला आल्यासारखे.

"उघड पडदा!" ताई म्हणाली.

त्यानं दगड तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उचलला, डोळ्यासमोर धरला, नजरेची नळी इकडून तिकडे फिरवली.

"काय आहे रे हे?"

"दगड."

"कडेचा कळला. आतलं?"

"आतलंही दगडच, ताई."

ताईनं अंगठा आणि बोटात ते पांढरं धरलं. चोळलं. धाग्याचा पोत बघायची तिची ती जुनी चिमूट. त्या चिमटीनं आजवर कधी चूक केली नव्हती.

"कापूस आहे हा."

"थोडा कापूस आहे," तो म्हणाला. "थोडा दगड आहे."

जावई फिस्सकन हसला. भाचीनं तोंडावर हात दाबला. "मामा, निवृत्त व्हायला आलात तरी!"

मग तो सांगू लागला. लाव्हा, लाव्ह्यातले बुडबुडे, गरम पाणी, कॅल्शियम, एका ठिपक्यातून निघणारे केस. बाईंनी सांगितलं तसंच, शब्दाला शब्द. श्वासानं ते कसे हलले तेही. आणि सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यात मारलेल्या सगळ्या थापा एकत्र केल्या तरी त्या या खऱ्या गोष्टीइतक्या खोट्या वाटल्या नसत्या. हत्तीला निदान पूल तरी होता.

"मी कापसात बांधला," तो शेवटी म्हणाला. "त्याच दिवशी आणायला हवा होता. मीच घालवला, ताई."

भाचीचं हसू थांबलं. ताईनं दगड मांडीवर ठेवला. तो वाट बघत होता. आता म्हणेल, थापाड्या. एवढं म्हणाली की सगळे हसतील, चहा होईल, सगळं होतं तसं होईल.

ताईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली.

तो दगड तिनं शिवणयंत्रावर ठेवलाय. आता यंत्र चालत नाही, ताईला फक्त उजेड आणि अंधार कळतो. कुणी आलं की ती तो हातात देते आणि सांगते, "हा दगडातला कापूस. माझा भाऊ म्हणतो." पाहुणे दगड उलटासुलटा करतात, एकमेकांकडे बघतात आणि अगत्यानं म्हणतात, "हो का? वा!" तो तिथं असला तर खिडकीबाहेर बघतो.

थापाड्या मात्र तिनं त्याला पुन्हा कधीच म्हटलं नाही.